फेरेटचा श्रावण

फेरेट पाळणारा मराठी माणूस तुमच्या पाहण्यात नसेल. माझ्याही नव्हता, आणि तो मान आपल्याला मिळावा अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही शारजाला राहत होतो. ॲल्युमिनियमची दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी प्रॉडक्शन बघायचो. आमचा इंग्रज मॅनेजर नोकरी संपवून मायदेशी निघाला, तेव्हा त्याने घरी निरोपाचा चहा ठेवला होता. तिथे माझी नऊ वर्षांची मुलगी तासभर एका पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसली आणि उठली ती पिंजऱ्यासकट. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत मी तो पिंजरा गाडीत कोंबला.

जनावर आपल्या मुंगसाच्या घाटणीचं. लांबट, आखूड पायांचं, डोळ्यांवर काळा पट्टा. बायको पहिल्याच दिवशी म्हणाली, "मुंगूस दिसणं शुभ असतं म्हणतात. आपल्याला आता रोजच दिसणार." मुलीने त्याला एक नाव दिलं. ते मी इथे लिहीत नाही, ते त्या दोघांचं आहे. दिवसाचे अठरा तास तो इतका गाढ झोपायचा की पहिल्या आठवड्यात मी दोनदा तो मेला असं जाहीर केलं. उरलेल्या वेळात चोऱ्या. मोजे, रबरबँड, माझ्या चष्म्याचं घर, काय सापडेल ते ओढून सोफ्याखाली न्यायचा. मुलगी शाळेतून आली की पाठीची कमान करून तिरक्या उड्या मारायचा आणि घशातून डुकडुक असा आवाज काढायचा. ती बघून हसायची, आणि मी पेपर तोंडासमोर धरून हसायचो.

फक्त त्याच्या अंगाला एक उग्र दर्प होता, आणि मी नाकाचा फार तिखट. घरात कांदा-लसूण चालायचा, पण अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. समोरच्या फ्लॅटमध्ये केरळची एक नर्स नवऱ्याबरोबर राहायची. तिच्या तळलेल्या मासळीचा वास डक्टमधून थेट आमच्या बाथरूममध्ये. मी खिडकीच्या झडपेत जुना टॉवेल कोंबून ठेवला होता. शिवाय उदबत्ती लावायचो ती देवासमोर एक आणि दाराबाहेर, तिला दिसेल अशी, एक. टॉवेलला न जुमानता वास थोडाफार यायचाच. सोमवारी मात्र माझा उपास, म्हणून त्या दिवशी टॉवेल ओला करून ठासून बसवायचो, आणि सोमवारी वास अजिबात यायचा नाही. ओल्या टॉवेलचा हा शोध मी कारखान्यात दोघातिघांना सांगितलाही होता.

जुलैत शाळा बंद झाल्या की तिथल्या बायका-मुलं दोन महिने भारतात आणि पुरुष मागे, हा आखातातला रिवाजच. त्या वर्षी मुलगी जायला तयार होईना.

"हू विल लुक आफ्टर हिम?"

"मी बघेन की."

"प्रॉमिस, बाबा?"

"प्रॉमिस."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फ्रिजवर एक कागद चिकटवला. एसी दिवसभर चालू. पाणी रोज ताजं. डब्यातलं मासळीचं कॅट फूड दिवसातून तीनदा. आणि खाली मोठ्या अक्षरांत, प्लीज डोन्ट चेंज एनीथिंग. त्या कागदावर विश्वास ठेवून ती विमानात बसली.

महिनाभर मी नाक दाबून ते मासळीचे डबे उघडले. मग श्रावण लागला. कॅलेंडरसमोर उभा असताना माझ्या डोक्यात विचार आला, की ज्या घरात श्रावण कडक पाळतात त्या घरात हा एक प्राणी रोज तीनदा मासळी खातो हे काही बरं नाही. घरचे नियम ते घरातल्या सगळ्यांना. मी उरलेले डबे पिशवीत बांधून बाल्कनीच्या कपाटात ठेवले आणि फेरेटला दूध-पोळी वाढली. दुसऱ्या दिवशी दहीभात. त्यानंतर रोज तूप घालून मऊ पोळी. दर वेळी वाटी लख्ख. मी खूश. कारखान्यात सांगत सुटलो, की आमचा फेरेट शाकाहारी झाला, सगळा सवयीचा भाग असतो! आठवड्यात त्याच्या चोऱ्या थांबल्या, उड्या थांबल्या. सात्त्विक आहाराने स्वभाव निवळला, असं मी बायकोला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मुक्या जिवाला कसला हो श्रावण?" मी तिला गप्प केलं. तेवढ्यात मुलीने फोन घेतला.

"इज ही ईटिंग?"

"वाटी चाटूनपुसून साफ करतो," मी म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं.

पुढच्या शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, पिंजऱ्याचं दार उघडं आणि आत फेरेट नाही. हाका मारल्या. शेवटी सोफा ओढला. भिंतीशी मोज्यांचा ढीग होता आणि त्यावर तो पडला होता. मोज्यांमध्ये सगळीकडे पोळीचे तुकडे. वाळून कडक झालेले, काही बुरशी आलेले. बारा दिवसांच्या पोळ्या त्याने एकेक करून इथे आणून ठेवल्या होत्या. दूध चाटलं असेल, दहीभात चाटला असेल, बाकी काही खाल्लंच नव्हतं. मी त्याला उचललं तर मागचे पाय लोंबत राहिले. हाताला नुसत्या बरगड्या लागल्या. मी त्या मोज्यांच्या शेजारी फरशीवर बसलो आणि मला माझी जितकी लाज वाटली, तितकी आधी किंवा नंतर कधी वाटलेली नाही.

जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. शुक्रवार, दवाखाना चार वाजता उघडणार. तोवर हा टिकत नाही हे मला दिसत होतं. ओळखीत वैद्यकी कळणारं माणूस एकच होतं, आणि तिच्या दाराकडे मी तीन वर्षं उदबत्ती रोखून धरली होती. फेरेटला पंच्यात गुंडाळून मी तिची बेल वाजवली.

तिने मसाल्याच्या हातांनी दार उघडलं. "क्या हुआ, भाईसाब?" तिने पंचा बाजूला केला, त्याच्या हिरड्या बघितल्या. "खाना क्या देते हो?"

"दही-चावल. रोटी."

ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली नाही. "शहद है घर में? जल्दी लाओ."

मध होता, देवघरात, पंचामृताचा. तिने बोटाने तो त्याच्या हिरड्यांवर चोळला, पुन्हा चोळला. पाचेक मिनिटांनी त्याने जीभ हलवली. तिच्या ओट्यावर शुक्रवारची कोंबडी होती. त्यातले चार तुकडे तिने मीठ-मसाल्याशिवाय उकडले, पाणी घालून मिक्सरमधून काढले आणि स्टीलच्या वाटीत ओतले. वाटी हातात धरून ती थबकली. आत येऊ की नको अशी माझ्या उघड्या दाराकडे पाहत हळूच म्हणाली, "भाईसाब, आपका व्रत का महीना है. इसको मेरे पास छोड़ दो. ठीक होने तक मैं खिलाऊँगी. आपके घर में कुछ नहीं आएगा."

खरं सांगतो, 'हो' जिभेवर आलं होतं. घर सोवळं राहिलं असतं, जीवही वाचला असता, कुणाला कळलंही नसतं. पण मुलीला वचन तिने दिलं नव्हतं, मी दिलं होतं. मी हात पुढे केला. "नहीं सिस्टर. मुझे दीजिए."

ती वाटी घेऊन मी माझ्या घराचा उंबरठा ओलांडला. हॉलमध्ये फरशीवर बसलो, फेरेटला मांडीवर घेतलं आणि बोट त्यात बुडवलं. त्याने आधी नुसतं हुंगलं. मग खरखरीत जिभेने माझं बोट चाटलं, आणि चाटतच राहिला. समोरच्या मशिदीतून जुम्म्याची बांग झाली, नमाज संपून माणसं घरी गेली, आणि मी दर अर्ध्या तासाने बोटभर, बोटभर भरवत होतो. ती दारातून सूचना करत होती. "बस, अभी थोड़ा रुको. हाँ, अभी दो."

चारला दवाखान्यात गेलो तेव्हा तो मान वर करून बघत होता. डॉक्टर इजिप्तचे. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "हबीबी, हा मांसच खातो, दुसरं काही त्याच्या पोटाला चालतच नाही. नो राइस, नो ब्रेड. खलास!" अर्धा दिवस उशीर झाला असता तर, एवढंच बोलून ते थांबले.

संध्याकाळी नेहमीचा फोन. "इज ही ईटिंग?"

खोटं बोलणं सोपं होतं, तो खातच होता. तरी मी सगळं सांगितलं. डबे, पोळ्या, मोजे, सगळं.

"बाबा, डिड यू फीड हिम द चिकन युअरसेल्फ?"

"हो."

"विथ युअर हँड? इन श्रावण?"

"हो गं."

ती रडायला लागली. "थँक यू, बाबा," म्हणाली. माझ्या चुकीला शिवी मिळायला हवी होती, आणि पोरीने मला थँक यू म्हटलं. तिचं ते ऋण मी आजही मानतो.

वाटी परत करायची होती. आमच्यात शेजारची वाटी रिकामी देत नाहीत. सोमवारी उपासाची साबुदाण्याची खिचडी केली, जमली तशी, वाटीत भरली आणि बेल वाजवली. म्हटलं, "सिस्टर, खिचडी. सोमवार का व्रत है, इसलिए यही बना."

"मालूम है," ती म्हणाली. "सोमवार को हम भी मछली नहीं बनाते ना."

"आप लोग भी सोमवार करते हो?"

"नहीं, नहीं. आपका व्रत होता है, भाभी ने बताया था. स्मेल आता है ना आपके बाथरूम में. तीन साल से सोमवार को हमारे घर में खाली सांबार." एवढं बोलून ती खिचडीचा वास घेत आत गेली.

घरी आलो. फेरेट माझा एक मोजा तोंडात धरून, डगमगत, सोफ्याकडे चालला होता. मी त्याला जाऊ दिलं. मग बाथरूममध्ये स्टुलावर चढलो आणि झडपेतला ओला टॉवेल काढला.