हरितक्रांती आणि ‘शे’

नववीत इतिहासाने माझा जीव नकोसा केला होता. ‘सकारण स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की मी गाईडमधलं पाठ केलेलं पानभर उतरवायचे आणि मॅडम शेजारी लाल पेनने लिहायच्या, ‘कारण कुठे आहे?’ सहामाहीत मी नापास झाले. वडील नाशिकमध्येच अंबडला कंपनीत होते, मुळात कमी बोलणारे. त्यांनी एवढंच सांगितलं, की वार्षिकलाही इतिहासात गेलीस तर सटाण्याला मामाकडे राहायचं आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं. नाशिकची शाळा, मैत्रिणी, सगळंच सुटणार होतं.

मी पाठांतर सोडलं आणि उत्तरं आईला सांगू लागले. घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. आई चौथी शिकलेली, पण भाकरी थापता थापता माझ्या प्रत्येक वाक्याला विचारायची, “काबरं?” हरितक्रांती करावी लागली. काबरं? धान्य कमी पडत होतं. ते काबरं? आईने मला घाम फोडला.

वार्षिकला नेमका तोच प्रश्न आला. दहा मिनिटं उरली होती. आईला सांगायचे तसं भराभर लिहून काढलं, पेपर दिला आणि जिना उतरताना लक्षात आलं. ‘आहे’च्या जागी मी ‘शे’ लिहून आले होते. तेही एकदाच नाही.

आठवड्याने मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर माझा पेपर होता, प्रत्येक ‘शे’भोवती लाल गोल. हे काय, असं त्यांनी विचारलं. आमच्या अहिराणीतलं ‘आहे’, मी पुटपुटले. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

“हे सुधारायला तुला एक दिवस पुरेल,” मॅडम म्हणाल्या. “पण कारण तू यंदा पहिल्यांदाच लिहिलंस.”

त्यांनी पेपर उलटून पहिल्या पानावरचे गुण दाखवले. मी पास होते. तिथेच, सगळ्या शिक्षकांसमोर, मी हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी वडिलांनी प्रगतिपुस्तक दोनदा वाचलं. मग ते स्टुलावर चढले आणि सटाण्यासाठी भरून ठेवलेली माझी बॅग माळ्यावर टाकायला निघाले. आई म्हणाली, आधी पोरीचे कपडे तरी काढू द्या त्यातले.