शिक्केमामांनी वाचलेला कागद

शिक्केमामांनी एकवीस वर्षांत हातातला एकही कागद वाचला नव्हता, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! परदेशी निघालेली माणसं आणि त्यांचे वकील दाखले, पदव्या, प्रतिज्ञापत्रं आणून द्यायची आणि मामा ती नोटरीकडून परराष्ट्र खात्यात, खात्यातून वकिलातीत फिरवून आणायचे. "मजकुराशी आपल्याला काय करायचंय?" ते म्हणायचे. "साहेब लोक तरी कुठे वाचतात? आधीची सही खरी आहे ना, एवढंच बघतात आणि आपला शिक्का हाणतात." खोटं नव्हतं ते. मामा तर नावही बघत नसत, मागे पेन्सिलीनं टाकलेला नंबर बघत.

घरात एकच विषय बंद होता, लेकीचा. सहा वर्षांपूर्वी तिनं परस्पर आपलं ठरवलं, एका मुलासाठी दूरदेशी जायचं म्हणाली, आणि मामांनी तिला दारातच सांगितलं की पुन्हा ह्या घराची पायरी चढू नकोस. तेव्हापासून मामीनं तिचं नाव काढलं की हे ताटावरून उठायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण एकदा हट्टाला पेटला की पेटला. आणि गंमत बघा, जिन्यावर पावलं वाजली की आधी ह्यांचेच कान टवकारायचे. पोरगी एकदा येऊन "बाबा" म्हणाली असती तर सगळं विसरायला तयार होते. पण हे सांगायचं कुणी, आणि कुणाला?

त्या मंगळवारी वकिलातीच्या खिडकीवरचं स्कॅनर बंद पडलं. आतल्या बाई वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "मामा, तुम्ही वाचून सांगा, मी टाईप करते. नाहीतर उद्या या."

उद्या कोण येतो! मामांनी चष्मा चढवला. दहा कागद खणखणीत वाचले, मध्ये बाईंची थट्टाही केली. अकरावा घेतला.

"मी, खाली सही करणार, राहणार..." आणि मामा अडखळले. पत्ता त्यांच्याच घराचा होता.

"हं, पुढे?"

"माझी मुलगी अविवाहित असून... तिच्या विवाहास माझी हरकत नाही. माझे पती..." पुढे मामांचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, अगदी शुद्ध; बाईंना ते नुसते 'मामा' म्हणूनच ठाऊक. "हयात नाहीत."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मामांना त्या खिडकीशी कळलं. खाली मामीची सही होती, नोटरीचा शिक्का होता, खात्याचा शिक्का होता. खात्याचा तर त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून मारून आणलेला! आपल्याच मरणाचा कागद बगलेत मारून हा माणूस दोन दिवस गावभर हिंडला होता.

"एक मिनिट हं," म्हणून ते जिन्यात गेले. घरी फोन लावला.

"तू... मी मेलोय असं लिहून दिलंस?"

मामी म्हणाली, "तुमच्याकडे कसा आला तो कागद? मी मुद्दाम लांबच्या वकिलाकडे दिला होता."

"अगं, सगळ्या वकिलांच्या फायली शेवटी माझ्याच पिशवीत येतात!"

"ते मला काय ठाऊक? तिकडे आईवडील दोघांच्या सह्या मागतात. एक नसेल तर दुसऱ्याची चालते. तीनदा विषय काढला मी. तीनदा तुम्ही ताट सरकवलंत."

"म्हणून मला मारलंस? आणि मृत्यूचा दाखला? तो नाही मागितला कुणी?"

"नाही. कुणी वाचलंच नाही."

बत्तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, ती शपथेवर विधवा झाली आणि संध्याकाळी ह्यांना चहा दिला तिनं!

"अहो," मामीचा आवाज आता चिरकला, "तिचं लग्न आहे पुढच्या रविवारी. तो कागद आज नाही सुटला तर होणार नाही. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा."

मामा खिडकीशी परत आले. बाईंनी मान वर केली. "काय हो, घाम केवढा आलाय! कागदात काही चूक आहे का? असेल तर आत्ताच सांगा. परत पाठवते, पुन्हा पहिल्यापासून फिरवा."

पहिल्यापासून म्हणजे पुढचा रविवार हुकलाच. आणि खोट्या शपथेबद्दल मामीची चौकशी, ती वेगळीच. मामांनी त्या ओळीकडे पुन्हा पाहिलं. हयात नाहीत. अक्षरं काही केल्या बदलेनात.

"चूक नाही," ते म्हणाले. "घ्या."

शिक्का पडला. त्या आवाजानं मामा दचकले, जन्मात पहिल्यांदाच.

"स्कॅनर बंद म्हणून आज रजिस्टर आहे," बाई म्हणाल्या. "कागद नेणाऱ्यानं लिहायचं, मुलीचे तुम्ही कोण ते."

मामांनी पेन घेतलं. बराच वेळ ते नुसतं धरून उभे राहिले. मागून रांगेतल्या कुणीतरी "चला की हो" म्हटलं. मग त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, 'कोणी नाही', आणि पेन बाईंना परत दिलं.