थांबा क्रमांक सतरा

ज्या उत्तराची भाऊंनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, ते उत्तर द्यायचं काम माझ्याकडे होतं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरातही नाही.

भाऊ म्हणजे आमच्या भागातले एक निवृत्त एस.टी. कंडक्टर. तिकिटं देऊन झाली की गाडीत जे विचारतात ना, "कोणी राह्यलं काय?", ते त्यांचं वाक्य. निवृत्तीच्या दिवशी तिकिटाचा पंच डेपोत जमा झाला, वाक्य काही जमा झालं नाही. लग्नाच्या पंगतीत स्वतः पाहुणे असले तरी वाढपी पुढे गेला की मागे वळून विचारत, "कोणी राह्यलं काय?" एका मयतीला माणसं टेम्पोत बसली, तेव्हा सवयीनं पत्र्यावर थाप मारून यांनी तेच विचारलं. रडती माणसंही हसली. पण खरंच एक म्हातारा मागे चपला शोधत राहिला होता. तो टेम्पोत चढला, मगच भाऊंनी दुसरी थाप मारली.

असा एखादा निवृत्त माणूस तुमच्याही ओळखीत असेल. फरक एवढाच, की आमच्या भाऊंनी वेबसाइट काढली.

डोणगावात माझा कॉम्प्युटर क्लास होता. एके दिवशी दाराच्या लोखंडी पट्टीवर किल्लीनं टकटक करून भाऊ आत आले.

"सर, साठीच्या माणसाले भरती करता काय?"

"काय शिकायचं भाऊ?"

"टाइप करणं. मले थांबे लिहायचे हायेत."

बोर्डावर असलेले थांबे नव्हेत; ते एस.टी.कडे होतेच. भाऊंना न लिहिलेले थांबे लिहायचे होते. बोरीजवळ, पडक्या विहिरीपाशी, जिथं कोणी हात केला की गाडी थांबायची ते. एका बोटानं टाइप करत वर्षभरात त्यांनी एकेचाळीस थांबे लिहिले. "थांबा क्रमांक नऊ, बोरीजवळ. इथं एक म्हातारी कोंबडी घेऊन चढे अन् कोंबडीचं तिकीट मागे. कोंबडीले तिकीट लागत नाही म्हटलं की रागावे. म्हणे, माही कोंबडी फुकटी नाही." लिहिणं असं, बोलल्यासारखं. मी फुकटात मिळणाऱ्या जागेवर ती पानं चढवून दिली. अकोल्याला शिक्षिका असलेल्या त्यांच्या मुलीनं फोनवर विचारलं, "बाबा, पण हे वाचणार कोण?" ते त्यांना लागलं.

त्या काळी इंटरनेटवर वेबसाइटींची एक मोठी यादी असे. जगभरातली माणसं विनामोबदला ती सांभाळत. कोणी अर्ज केला की त्या विषयाचा संपादक साइट तपासायचा आणि पसंत पडली तर यादीत घ्यायचा. मराठीतल्या प्रवासाच्या विभागाचा संपादक मी होतो. टोपणनावानं. गावात कळलं असतं तर कृषी केंद्रापासून मंगल कार्यालयापर्यंत सगळे अर्ज घेऊन दारात उभे राहिले असते, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे कोणाला माहीत नसलेला एक अधिकार आपल्या हातात आहे, याचं मला सुख होतं.

या यादीबद्दल भाऊंना मीच सांगितलं. मोठेपणा मिरवायचा, पण नाव सांगायचं नाही, असा तो प्रकार. अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला. "तुमची विनंती संपादकाकडे पाठवली आहे" असं पडद्यावर उमटलं, तसे भाऊंनी पडद्याला हात जोडले. संपादक शेजारच्या खुर्चीवर बसलेला होता.

त्याच आठवड्यात मी अर्ज उघडला आणि एकेचाळीस थांबे पहिल्यांदा नीट वाचले. चढवताना नुसते चिकटवले होते. सतराव्या थांब्यावर अडकलो.

भाऊंचं आणि माझं मूळ गाव एकच. गाडी गावात आली की आमच्या मळ्याच्या फाटकासमोर थांबायची, कारण माझे वडील पाटील. नाल्यापलीकडच्या भीमनगरातली माणसं तिथं उतरून मागे चालत जायची. भाऊ कंडक्टर झाले आणि त्यांनी भीमनगरला विनंती थांबा मागितला. पुढचं त्यांनी लिहिलं होतं ते असं: "पाटलांनी डेपोत अर्ज देला का वळणावर गाडी थांबवणं धोक्याचं हाये. कागद चार वर्षं फिरला. मंग थांबा झाला. पहिल्या दिवशी सात जण उतरले. त्यात माही माय होती."

संताप नाही, शेरा नाही. कोंबडीची गोष्ट ज्या आवाजात, त्याच आवाजात हीही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आपणहून म्हणाले, "सर, त्यात तुमच्या वडलाचं हाये. वाचून घ्या. खोटं असंल तं काढून टाकतो."

"खरं आहे भाऊ. राहू द्या," मी म्हणालो.

भाऊ म्हणाले, "मले वाटलंच होतं तुम्ही असंच म्हनान."

एवढा मोठेपणा मी त्यांच्या तोंडावर मिळवला आणि अर्ज तसाच पडू दिला. नाकारला नाही. नाकारायला कारण लिहावं लागतं.

स्वतःपुरती कारणं मात्र भरपूर होती. भाषा वऱ्हाडी आहे, पुण्याकडचे संपादक हसतील. ओळखीच्या माणसाचा अर्ज दुसऱ्या संपादकाकडे द्यावा, असा नियम आहे. नियम होताच. पण मी तो दिलाही नाही. दिला असता तर दुसऱ्यानं सतरा नंबर वाचला असता.

दर बाजाराच्या दिवशी दारावर टकटक व्हायची.

"आली काय हो सर मंजुरी?"

"नाही भाऊ. विचाराधीन दाखवते."

"असू द्या. ज्याच्या टेबलावर असंल, त्याच्या मांगं बी कामं असतीन. घरदार असंल." मग माझ्यासाठी चहा सांगायचे. बाजूला कोणी पोरगं हसलं, की त्यालाच सुनवायचे, "काऊन हासतं बे? भीमनगरच्या थांब्याले चार वर्षं लागले होते. आला ना?"

वर्षभरानं म्हणाले, स्मरणपत्र द्यावं लागते. कार्यालयीन कामाचा त्यांना अनुभव. त्यांनी मजकूर सांगितला, मी टाइप केला: "माननीय संपादक साहेब यांचे सेवेशी. आपण कामात असाल याची जाणीव आहे. तरी सवडीनुसार विचार व्हावा." मी टाइप करत होतो आणि ते पत्र मलाच होतं.

"'सवडीनुसार' नको भाऊ," मी म्हटलं. "फार गरीब वाटतं."

"राहू द्या सर. अधिकाऱ्याले घाई करू नये. त्याले वाटते आपण त्याच्यावर संशय घेऊन राह्यलो."

पत्र माझ्याच खात्यात येऊन पडलं. अशी तीन स्मरणपत्रं आली. प्रत्येक आधीच्यापेक्षा नम्र. तिसऱ्यात संपादकाच्या प्रकृतीची चौकशी होती.

पाच वर्षांनी भाऊंचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना अकोल्याला न्यायला आली. निघताना ते क्लासवर आले. पायऱ्या चढवेनात, म्हणून मीच खाली गेलो. खिशातून एक जुनं तिकीट काढून मला दिलं; त्याच्या कोऱ्या पाठीवर मुलीचा नंबर लिहिलेला होता.

"मंजुरी आली का फोन करजा. रात्र-दिवस पाहू नका."

"करतो."

"अन् नाही म्हटलं त्याहिनं, तरी करजा. नाही तं नाही. मानसाले समजलं पाहिजे, उतरायचं का बसून राहायचं."

मी मान हलवली. त्या दिवशी सांगता आलं असतं. रिक्षा उभी होती, मुलगी सामान लावत होती, दोन मिनिटांचं काम होतं. मी रिक्षावाल्याला म्हटलं, सावकाश ने.

पुढे ती यादीच बंद पडली. एक दिवस उघडली, तर फक्त आभाराचा मजकूर. भाऊंची पानं जिथं होती ती फुकटची जागाही गेली. मी त्यांची प्रत ठेवली नव्हती. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

गेल्या वर्षी मुलीचा फोन आला. भाऊ गेले होते. थोडं रडून झाल्यावर तिनं विचारलं, "काका, बाबांचं ते यादीचं काही आलं होतं का? शेवटपर्यंत विचारत होते, सरचा फोन आला काय म्हणून."

"आलं होतं," मी म्हणालो. "मंजूर झालं होतं. पण फार उशिरा आलं. मग फोन करायचं राहून गेलं."

"असू द्या काका," ती म्हणाली. "झालं ना."

भाऊंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गावीच, भीमनगरच्या विहारात झाला. मी एस.टी.नं गेलो. गाडी सतराव्या थांब्यावर थांबली. मी तिथं कधीच उतरलो नव्हतो; उतरलो. कार्यक्रमात मुलगी बोलायला उभी राहिली. म्हणाली, माझ्या बाबांची वेबसाइट जगाच्या यादीत घेतली होती, हे मला सरांकडून कळलं. चौथ्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. एका म्हाताऱ्यानं मला हात जोडले.

मग जेवणं झाली. वाढपी पुढे गेले. मागच्या रांगेकडे वळून कोणी काही विचारलं नाही.

मुलीचा नंबर अजून माझ्याकडे आहे, त्याच तिकिटाच्या पाठीवर. तिला दोन गोष्टी सांगायचं देणं मी लागतो. भाऊंचं नाव यादीत आलं नव्हतं. आणि ते मी येऊ दिलं नव्हतं.