मशीनची ओटी

"हत्यारांना हात लावायचा नाही हं!" बायकोने बजावलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची खंडेनवमी. माझे पाने, गॅसचा दाब मोजायचे गेज, सगळं हळदकुंकू लावून देव्हाऱ्यापुढे बसलेलं. आणि फोनवर नलूताई रडकुंडीला आलेल्या. रत्नागिरीकडच्या बाई, आमच्या भागातल्या केबिन रोडवर नुकतीच डेअरी टाकलेली. मी रेफ्रिजरेशन मेकॅनिक, त्यांची छोटी कोल्ड रूम मीच बसवली होती.

"भाऊ, मशीन सारखी बंद पडतेय. आत दसऱ्याचा चक्का आहे. उद्या जेसल पार्कातल्या सोसायट्यांत श्रीखंड द्यायचंय."

गेलो तसाच रिकाम्या हाताने. आत थर्मामीटर चौदावर, चक्क्याला हवं चार. मागे कंडेन्सरपाशी गेलो आणि कपाळावर हात मारला. कंडेन्सर म्हणजे नळ्यांची जाळी. आतली उष्णता इथून बाहेर पडते. त्या जाळीवर झेंडूचे हार, आंब्याचे डहाळे आणि वर नवाकोरा खण!

"हे काय, ताई?"

"मशीनची ओटी भरलीये. लक्ष्मी आहे ती माझी."

"काढा आधी."

"हात नका लावू! उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही."

"मग उद्या ताक विका!" माझा आवाज चढला.

त्यांचे डोळे भरले. "पहिलाच दसरा हो माझा. चक्का आंबला तर परत कोण येईल माझ्याकडे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "जरा इथे हात धरा."

त्यांनी हात नेला आणि झटकन मागे घेतला. "आई गं! गारव्याची मशीन आणि एवढी गरम?"

"मशीन गारवा बनवत नाही, ताई. चक्क्यातली उष्णता उचलून इथे आणून टाकते. उष्णता नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते. आणि गारातून गरमाकडे ती आपणहून जात नाही, ढकलावी लागते. वीज जळते ती त्यासाठीच. इथे तुम्ही वाट अडवलीत, म्हणून मोटर तापून बंद पडते."

"म्हणजे मी लक्ष्मीचं नाक दाबलं?"

"बरोब्बर!"

त्यांनी हात जोडले, अक्षता वाहिल्या, "माफ कर गं बाये" म्हणाल्या आणि हार, डहाळे, खण स्वतः उतरवून कोल्ड रूमच्या दाराला बांधले. मी मोटर निवू दिली, मग बटण दाबलं. पुन्हा काही ती बंद पडली नाही. दिवेलागणीला पारा चारवर आला. चक्का वाचला.

दसऱ्याला नलूताई श्रीखंडाचा डबा घेऊन घरी आल्या. बायकोने विचारलं, "हत्याराशिवाय दुरुस्ती केली कशी यांनी?"

"मशीन बिघडलीच नव्हती हो, वहिनी," नलूताई हसत म्हणाल्या.

तेव्हापासून नवी मशीन बसवली की मी गिऱ्हाइकाला दोन गोष्टी दाखवतो. बटण कुठे आहे, आणि हार कुठे घालायचा.