फौजेला चारा घालणाऱ्या डॉक्टरताई

डॉ. विमलताई गायसमुद्रे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या दुकानात झाली. लातूरला माझे संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. एके सकाळी सुती साडी नेसलेल्या, काठी टेकत चालणाऱ्या एक बाई रिक्षातून उतरल्या आणि रिक्षावाल्याने त्यांच्यामागोमाग संगणकाचा खोका आणून टेबलावर ठेवला. यात जरा चांगले ग्राफिक कार्ड बसवून हवे, असे त्या म्हणाल्या. घरातल्या कुणा मुलासाठी असेल, या समजुतीने मी विचारले की तुमचा नातू कोणते गेम खेळतो. 

"नातू नाही मला. मीच खेळते. मोठी लढाई लागली की घोडदळ अडखळतं, तेवढं बघा."

कार्ड बसवून झाल्यावर ते नीट चालते का, हे पाहायला मी त्यांचीच एक अर्धवट राहिलेली लढाई उघडली. जुन्या काळातल्या दोन साम्राज्यांचे युद्ध होते. जुने राजे, किल्ले, फौजा यांचे डावपेचांचे गेम मीही कॉलेजपासून खेळत आलो होतो, त्यामुळे मला त्यांची मांडणी पाहूनच कळले की समोरची व्यक्ती हौशी नाही. आमचे बोलणे सुरू झाले ते जेवणवेळेपर्यंत चालले. जाताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला. "या फौजा चार-चार महिने नुसत्या चालून राहिल्यात. घोडी खातात कधी?"

इतकी वर्षे खेळूनही हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या पशुवैद्यकीय सेवेबद्दल अधिकारी माणसे लिहितीलच. मी लिहितो आहे ते त्यांच्या निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल. त्याची सुरुवात या प्रश्नातून झाली.

तरीही त्यांच्या आधीच्या आयुष्याविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. ताई रेणापूर तालुक्यातल्या. त्यांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली आणि गावातली मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम त्याच दिवसापासून बंद केले. गावाने बराच काळ अबोला धरला. वडील मागे हटले नाहीत. पुढे मुलगी शिकू लागली, तेव्हा ते तिला म्हणाले होते, "मेलेली ओढायचं आपण सोडलं. आता तू जिवंत असलेली वाचव." ताई पशुवैद्य झाल्या. जळकोट, शिरूर अनंतपाळ, उदगीर अशा ठिकाणी त्यांनी नोकरी केली. सुरुवातीला काही घरांनी त्यांना गोठ्यात येऊ दिले नाही. पण अडलेली म्हैस जात विचारत नाही, आणि तिचा मालकही फार वेळ विचारू शकत नाही. काही वर्षांनी त्याच गावांतून त्यांना बोलवायला माणसे यायची आणि डॉक्टरीणबाईंचे आडनावच गायसमुद्रे आहे, हे कौतुकाने सांगायची. हे सगळे मला ताईंनी एका बैठकीत सांगितलेले नाही. त्यांच्यासोबत खेड्यांतून फिरताना इतरांकडून कळले. वडिलांचे वाक्य तेवढे त्यांनी स्वतः सांगितले.

निवृत्तीनंतर गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांना काही महिने घरात बसावे लागले. परगावी गेलेल्या पुतण्याचा संगणक घरात पडून होता. त्यात त्यांना तो लढाईचा गेम सापडला. आधी वेळ घालवायला, मग चिडून, मग अभ्यास म्हणून त्या खेळू लागल्या. खेळता खेळता युद्धांची पुस्तके मागवू लागल्या. इतिहासकार तोफांविषयी पानेच्या पाने लिहितात आणि तोफ ओढणाऱ्या बैलांना एका ओळीत गुंडाळतात, अशी त्यांची तक्रार असे.

त्या सुमारास मी आणि माझा मित्र अझहर मिळून आपल्या भागातल्या लढाईवर एक गेम बनवायचा घाट घालत होतो. अझहर नांदेडचा. प्रोग्रॅमिंग त्याचे, नकाशे आणि चित्रे माझी. विषय ठरला होता उदगीरच्या लढाईचा. निजामाची फौज तोफा मधोमध घेऊन उदगीरकडून औशाच्या दिशेने सरकते आहे आणि पेशव्यांचे हलके घोडदळ तिला चारही बाजूंनी सतावते आहे, असा तो प्रसंग. आम्ही दोघांनी एकदा मोठ्या उत्साहाने ताईंना आमचा नमुना दाखवला. त्यात हत्ती होते, तोफांचा धूर होता, नगारे होते. त्यांनी सगळे पाहिले, चित्रांचे कौतुक केले आणि मग विचारले की औशाला पोचेपर्यंत ही फौज पाणी कुठे पिणार. आम्ही नकाशा पुन्हा उघडला. त्यात एकही ओढा नव्हता.

तिथून पुढे त्या आमच्या गुरू झाल्या. त्या आम्हाला उदगीरच्या किल्ल्यात घेऊन गेल्या. मी बुरुजांची चित्रे काढत होतो आणि ताई काठी टेकत पाण्याच्या जागा, जनावरे बांधायच्या जागा शोधत होत्या. कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाशी तर त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की पहारेकऱ्याने त्यांना बसायला खुर्ची आणून दिली. उदगीर ते औसा या वाटेवरच्या खेड्यांत त्यांच्या ओळखी होत्याच. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना त्या विचारत, की भरलेली गाडी ओढून बैल दिवसात किती वाट चालतो, कोणत्या ओढ्याला थंडीत पाणी टिकते, काळ्या रानात चाक कुठे रुतते. लढाई हिवाळ्यातली, म्हणजे रानात ज्वारी उभी. ताईंच्या आग्रहाने आम्ही गेममध्ये गावे घातली. ज्या गावाच्या रानात तुमची घोडी चरतील ते गाव पुढे उपाशी राहील आणि पुन्हा तिकडे फौज नेली तर वाट दाखवायलाही कुणी भेटणार नाही. "राजे तह करून मोकळे होतात," त्या म्हणाल्या, "ज्याचं रान खाल्लं त्याच्याशी तह कोण करतं?"

आणखी एक गोष्ट त्यांच्यामुळे झाली. आमच्या पहिल्या नमुन्यात एका बाजूला शहाणे आणि दुसऱ्या बाजूला मूर्ख अशी सोपी वाटणी होती. ताईंनी आम्हाला वाचायला लावले. निजामाच्या चाकरीत मराठे सरदार होते, पेशव्यांचा तोफखाना एका मुसलमान सरदाराच्या हाती होता. मग त्यांनी आम्हाला एकमेकांच्या बाजू बदलून खेळायला बसवले. मी निजामाची फौज घेऊन तीनदा हरलो तेव्हा मला त्या फौजेविषयी जो आदर वाटू लागला, तो पुस्तकांनी वाटला नव्हता. ताई स्वतः मात्र कुठलीही बाजू घेतली तरी जिंकत. समोरच्याला बरे वाटावे म्हणून हरणे त्यांना मान्य नव्हते. त्या हरवत आणि मग चहा टाकून, समोरचा कुठे चुकला ते पहिल्या चालीपासून समजावून सांगत.

या काळात आम्ही नांदेडला अझहरच्या घरी वरचेवर जात असू. त्याच्या आईंनी शेळ्या पाळल्या आहेत. ताई मिठाईऐवजी शेळ्यांचे जंताचे औषध घेऊन जात. आल्या आल्या आधी शेळ्या तपासत, मग हातपाय धुऊन आत येत. नोकरीत असताना त्या दखनी उर्दू छान शिकल्या होत्या. दोघी अंगणात बसून इतक्या रंगून बोलत, की आम्ही ज्या कामाला गेलो ते बाजूलाच राही. शेळीला पिल्ले झाली की अम्मी आधी ताईंना फोन करतात आणि अझहरला नंतर सांगतात, अशी त्याची तक्रार अजूनही आहे.

पण याच काळात माझे आणि अझहरचे बिनसले. ताईंचे म्हणणे होते की तोफेचा बैल लंगडलाही पाहिजे. चालून चालून खूर दुखावतो, आणि तोफ थांबली की मागची सगळी फौज थांबते. अझहरला हे अजिबात पटेना. चारा झाला, पाणी झाले, गावे झाली, पण भर लढाईत बैल बसला म्हणून खेळ थांबला तर खेळणारा गेम काढून टाकेल, असे तो म्हणे. "लोक लढायला येऊन राहिले, बैलं सांभाळायला नाही," हे त्याचे वाक्य. मला ताईंचे पटत होते. वाद वाढत गेला. कामही रखडले. शेवटी अझहरने हैदराबादला नोकरी पाहिली आणि मला सांगितले की नांदेडच्या एका कॉलेजात आपण गेम दाखवणार आहोत तेवढे करू, पुण्याहून एका कंपनीचे पाहुणे येणार आहेत, त्यांना आवडला तर ठीक, नाहीतर इथेच थांबू. ताईंनी दोघांचेही ऐकून घेतले.  अझहरची बाजूही खरी आहे, एवढेच त्यांनी मला एकट्याला सांगितले.

शेवटच्या तयारीसाठी अझहर आदल्या दिवशीच माझ्याकडे आला होता. ठरलेल्या दिवशी आम्ही तिघे लातूरहून माझ्या गाडीने निघालो. अझहरने नवा शर्ट घातला होता. लोह्याच्या अलीकडे रस्त्याचे काम चालू होते आणि एकच बाजू मोकळी होती. तिथे वाहने थांबलेली. पुढे काय झाले ते पाहायला मी उतरलो, तर उसाने भरलेली बैलगाडी ऐन अरुंद जागी उभी होती आणि डावीकडचा बैल जुवाखाली बसला होता. गाडीवान बिचारा रडकुंडीला आला होता. मागून भोंगे वाजत होते, कुणी तरी चाबूक मार म्हणून ओरडत होते. मी परत येऊन सांगेपर्यंत ताई आपली पिशवी घेऊन खाली उतरल्याही होत्या. अझहरने घड्याळ पाहिले आणि तोही उतरला.

ताईंनी आधी चाबूक मार म्हणणाऱ्याला गप्प केले. आवाज चढवला नाही, फक्त त्याला गाडीचे जू उचलून धरायला बोलावले. माणसे जमली, बैल सोडवले गेले. ताई रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या. ज्या गुडघ्यांसाठी त्या पायऱ्या टाळतात, त्याच गुडघ्यांवर. मागचा पाय हातात घेऊन त्यांनी खूर दाबत दाबत पाहिला. खुराला लोखंडी पत्री ठोकताना एक खिळा आतल्या जिवंत भागात गेला होता. त्यांनी माझ्या गाडीतली पक्कड मागितली आणि अझहरला पाय धरायला सांगितले. अझहर जनावरांना घाबरतो, शेळ्यांनासुद्धा. तरी तो बसला आणि त्याने पाय घट्ट धरून ठेवला. खिळा निघाला, पू आणि रक्त आले. ताईंनी जखम धुतली, औषध भरले, कापड बांधले आणि बैलाच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवला. थोड्या वेळाने तो आपला आपण उठला.

"ताई, उठला बघा," गाडीवान म्हणाला आणि त्याने बैलापुढे उसाचे वाढे टाकले.

त्या बैलाला परत जुंपायचे नाही, असे ताईंनी बजावले. मग मागच्या गाडीची बैलजोडी आणून ऊस पुढे काढावा लागला. त्यात आणखी वेळ गेला. अझहर चिखलाने भरलेल्या शर्टात रस्त्याकडेला उभा होता. मागे एसटी, टेम्पो, ट्रॅक्टर, लग्नाच्या गाड्या अशी वळणापलीकडे जाणारी रांग लागली होती. तो बराच वेळ त्या रांगेकडे पाहत राहिला आणि मग हसायला लागला. ताईंजवळ येऊन म्हणाला, "ताई, गेममध्ये बैल घ्यायचा. हाच घ्यायचा. डाव्या बाजूचा."

कॉलेजात पोचलो तेव्हा पुण्याचे पाहुणे निघून गेले होते. त्यांची आमची भेट पुढेही कधी झाली नाही. पण इतिहासाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना बसवून ठेवले होते. डाग पडलेल्या साडीनेच ताई व्यासपीठावर गेल्या, उशिराबद्दल माफी मागितली आणि उशीर का झाला ते सांगितले. बाकी भाषण असे केलेच नाही. मुले खेळायला बसली. एका मुलीने सगळ्या तोफा एका दमात औशाकडे पळवल्या आणि त्या पाण्यावाचून मध्येच अडकल्या, तेव्हा सगळा वर्ग हसला, ती स्वतः सगळ्यात जास्त. तिने लगेच दुसरा डाव मांडला. अझहर तिच्या मागे उभा राहून पाहत होता. हैदराबादची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

तो गेम आम्ही पुढे स्वतःच इंटरनेटवर प्रसिद्ध केला. सुरुवातीला आलेल्या सगळ्या तक्रारी बैलांविषयी होत्या. एकाने लिहिले की बैल लंगडल्यामुळे माझी जिंकत आलेली लढाई गेली, मी रागाने गेम बंद केला, जेवलो, आणि पुन्हा सुरू केला. अझहरने ते ताईंना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी विचारले, दुसऱ्या खेपेला त्याने बैलांना विसावा दिला का? दिला होता. त्या खूश झाल्या. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी अनोळखी लोकांना उदगीर ते औसा ही वाट ओढ्यांसकट पाठ झाली आहे आणि त्यातले काही जण खरोखरची वाट पाहायला येतात. आले की ताईंकडे त्यांचे जेवण असते.

गेल्या आठवड्यात ताईंनी आम्हा दोघांना घरी बोलावले. गोदावरी उतरून जाणाऱ्या फौजेवरचा नवा खेळ त्यांच्या डोक्यात आहे. नदीत उतरलेले हत्ती आम्हाला त्यांच्या मनासारखे जमत नाहीत, आणि प्रत्येक बदलासाठी आमच्या सवडीची वाट पाहायचा त्यांना कंटाळा आला आहे. तेव्हा प्रोग्रॅमिंग आपण स्वतःच शिकावे, असे त्यांनी ठरवले आहे. किती काळ लागेल, असे त्यांनी अझहरला विचारले. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की नीट यायला काही वर्षे तरी लागतात.

"मग उद्यापासूनच बसू," ताई म्हणाल्या.

त्या बसल्या आहेत. रोज सकाळी अझहर त्यांना फोनवर धडा देतो आणि त्यांच्या शंकांनी घामाघूम होतो. म्हणून आमच्या शुभेच्छांत थोडा स्वार्थ आहे, तो ताईंनी गोड मानून घ्यावा. ती सगळी वर्षे त्यांना मिळोत, त्यांचे डोळे आणि गुडघे त्यांना साथ देवोत, आणि त्यांचे हत्ती एकदाचे त्यांच्या मनासारखे गोदावरी पार करोत. पैलतीरावर आम्ही दोघे चारा घेऊन उभे आहोत.