श्री. गजानन प्रसन्न, अर्जदार

सरकारी ऑफिसात एकदा गेलं तर काम होतं किंवा होत नाही. पुन्हा पुन्हा गेलं की किस्से होतात. आम्ही सोमवारच्या भजनाच्या बायका एका वडापायी इतक्यांदा गेलो की आता भजन कमी आणि किस्से जास्त होतात. देव समजून घेतो.

हा वड भाईंदर पश्चिमेला, आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर. वटपौर्णिमेला आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगच्या बायका इथेच दोरा गुंडाळतात. एके सकाळी खोडावर लाल फुली दिसली. गटार रुंद होणार, वड जाणार, असं वॉचमनने सांगितलं.

"मग बाजारातून फांदी आणायची," आमचे हे म्हणाले.

झाडाची फांदी तोडायची आणि तिच्याकडेच यांचं आयुष्य मागायचं, ते मला कधी जमलं नाही. मी माहिती अधिकारात अर्ज केला: हा वड तोडायची परवानगी कोणी दिली?

*

मी काहीही लिहिताना वर 'श्री गजानन प्रसन्न' लिहिते. किराणाच्या यादीवरसुद्धा. तसं अर्जावरही लिहिलं. खाली माझं नाव, पत्ता आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

उत्तराला तीस दिवस, म्हणजे साधारण या संकष्टीपासून पुढच्या संकष्टीपर्यंत. उत्तर वेळेत आलं. पाकिटावर पत्ता आमचा, नाव 'श्री. गजानन प्रसन्न'. आत लिहिलं होतं, 'अभिलेखानुसार सदर ठिकाणी वृक्ष अस्तित्वात नाही. सबब परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही.'

मी खिडकीतून बघितलं. वड होता.

पत्र देवापुढे ठेवलं. नाव त्याचंच होतं.

*

वरच्या मजल्यावरच्या परब वहिनी रत्नागिरीच्या. हार मानणं त्यांना ठाऊक नाही. म्हणाल्या, "व्रताला उद्यापन असतं, अर्जाला अपील असतं. चला."

अपिलात नाव दुरुस्त करायला गेलो तर काउंटरवरचे म्हणाले, "नाव बदललं की फाइल नवीन होते." म्हणून तेच ठेवलं.

सुनावणी नेमकी सोमवारी. साहेबांनी विचारलं, "अपीलकर्ते गजानन प्रसन्न आलेत का?"

उपासाच्या दिवशी खोटं कसं बोलणार?

परब वहिनी म्हणाल्या, "ते सगळीकडेच असतात, साहेब."

साहेबांनी क्लार्ककडे बघितलं. "हजर लिहा." आणि जागेवर जाऊन पाहणी करायचा आदेश दिला.

*

पाहणीला एक गृहस्थ आले ते भर मे महिन्यात, ऐन दुपारी. बाइक लावायला सावली शोधली, ती वडाखालीच मिळाली. पारावर बसून फाइल उघडली. तळमजल्यावरच्या हंसाबेननी ताक आणून दिलं.

"भाई, पेड दिखता है के नहीं?"

"दिखता है ना, बेन. पण झाडांच्या गणनेत नाहीये. मी माझ्या मनाने कसं लिहू?"

एक पारंबी सारखी कानाला लागत होती. ती त्यांनी हळूच बाजूला केली आणि लिहिलं, 'वृक्ष आढळून आला नाही.'

निघताना म्हणाले, "सावली मात्र छान आहे हो इथे."

*

त्याचंही पत्र आलं, श्री. गजानन प्रसन्न यांनाच. शिक्का होता, सही होती. "आता काय करायचं याचं?" परब वहिनींनी विचारलं. मला तरी काय माहीत? मी त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं. देवाच्या मनात काहीतरी असेल म्हटलं.

वटपौर्णिमेच्याच सकाळी ट्रक आला. दोर, लाकूड कापायचं मशीन, माणसं. आम्ही ताटं घेऊन उभ्या.

मुकादम म्हणाला, "आंटी, साइड में हो जाओ. पेड काटने का है."

"कौन सा पेड?" मी विचारलं.

त्याने वडाकडे बोट दाखवलं. मी पत्र दाखवलं. त्याने ते वाचलं, वर बघितलं, पुन्हा वाचलं आणि ऑफिसला फोन लावला.

"साहेब, यहाँ पेड है ही नहीं, ऐसा लिखा है... हाँ, सिक्का अपना ही है... तो फिर बिल किस चीज का बनाऊँ?"

फोन खिशात टाकून त्याने माणसांना हात केला. मग मशीन परत ट्रकमध्ये चढलं.

मुकादमही चढता चढता थांबला. वडाकडे बघून म्हणाला, "लेकिन आंटी, फिर ये है क्या?"

परब वहिनींचा दुसरा फेरा चालू होता. दोरा हातातून न सोडता म्हणाल्या, "हमको क्या मालूम, भैया? अर्जी डालो. दस रुपये का स्टॅम्प लगता है."