चढावर ओरडणारी गाडी

मिस्त्रीला सगळे ‘नाकमिस्त्री’ म्हणत. गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली की बॉनेट उघडायच्या आधी तो वाकून वास घ्यायचा आणि सांगायचा, ऑइल गळतंय, वायर तापलीय, ब्रेक धरून राहिलाय. दहातल्या नऊ वेळा ते खरं निघायचं.

गेल्या हिवाळ्यात त्याला सणसणीत सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. आज येईल, उद्या येईल, अशी त्याने वाट पाहिली. कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. सुताराने हात गेल्याचं चारचौघांत कसं सांगावं? एकदा गॅसवरचं दूध करपून काळं झालं आणि तो शेजारीच पेपर वाचत बसला होता. बायको आतून धावत आली, गॅस बंद केला, त्याच्याकडे बघत राहिली. “लक्ष नव्हतं,” तो म्हणाला.

अशातच नर्सबाई गाडी घेऊन आल्या. घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची, म्हणजे वेळीअवेळी डोंगरउताराच्या वस्त्यांवर जायचं. गाडी जुनी, पण त्यांना स्वतःच्या पायांइतकीच सवयीची झालेली.

“चढावर नुसती ओरडते हो,” त्या म्हणाल्या. “इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. आणि वासही येतो कसला तरी.”

मिस्त्रीने गाडी गॅरेजमागच्या कच्च्या चढावर नेली. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. पहिल्या गिअरमध्ये जोर दिला तशी पुढची चाकं जागेवरच गरगरली, खडी उडाली. उतरून पाहिलं तर टायर गुळगुळीत.

“चाकं घसरतायत बाई. पकडच नाही राहिली. वास रबराचा.”

टायर झिजलेलेच होते, ते बदलले. नर्सबाई निर्धास्त होऊन गेल्या. मिस्त्रीला मात्र ती वासाची गोष्ट राहून राहून टोचत होती. रबराचा आहे असं तो म्हणाला होता, पण त्याने तो घेतला कुठे होता?

आठवडाही उलटला नसेल, नर्सबाईंचा फोन आला. आवाज थंड होता. “मिस्त्री, गाडी वरच्या वस्तीच्या चढावर सोडून आलेय. बाळंतीण वर कळा देत होती आणि मी खाली उभी. अर्धा रस्ता धावत गेले. मी पोचले तेव्हा शेजारणीने बाळ हातात घेतलं होतं. दोघं सुखरूप आहेत, एवढंच नशीब.”

मिस्त्रीने फोन ठेवला आणि स्टुलावर बसला. फोनवरचं बोलणं बायकोच्या कानावर पडलं होतं. पदर खोचून ती म्हणाली, “चला, मीही येते.”

तो चढ डांबरी होता, आणि खडखडीत कोरडा. मिस्त्रीने इंजिन सुरू केलं, जरा सपाटीवर घेऊन गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि चढाला लावून पाय दाबला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सरसर वर गेला. वेगाचा काटा होता तिथेच. चाकं घसरली असती तर तोही उडाला असता. काट्याला कुठे ठाऊक, गाडी चालतेय की चाकं नुसतीच फिरतायत. शिवाय कोरड्या डांबरावर, चौथ्या गिअरमध्ये या गाडीची चाकं घसरतील कशी?

“थांबवा अहो,” बायको म्हणाली. “जळतंय काहीतरी.”

“खूप येतोय?”

तोंडातून निघून गेलं ते गेलंच. बायकोने काच खाली केली.

“तुम्हाला येत नाहीये ना?” ती म्हणाली. “दुधाच्या दिवसापासून वाटतंय मला.”

त्याने होकारार्थी मान हलवली. मग खात्री करायची म्हणून त्याने गाडी सपाट जागी उभी केली, हँडब्रेक करकचून ओढला, चौथा गिअर टाकला, थोडा अॅक्सिलरेटर देऊन क्लचवरचा पाय सोडला. धड क्लच असता तर इंजिनाने एक गचका देऊन मान टाकली असती. ते घुरघुरतच राहिलं.

“क्लचची प्लेट संपलीय,” तो म्हणाला. “इंजिन फिरतंय, पण त्याचा जोर चाकांपर्यंत जातच नाही. हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. काटे समोर होते. पण इतकी वर्षं काट्यांकडे बघितलंय कुणी?”

“आता बघा,” बायको म्हणाली.

गाडी दोरीने ओढून आणली. दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या तेव्हा मिस्त्री हात पुसत उभा राहिला.

“तुम्ही वास येतो म्हणाला होतात. मी ऐकूनही ऐकलं नाही. माझं नाक गेलंय बाई, हिवाळ्यापासून.”

नर्सबाई रागावूनच आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तेव्हाच सांगितलं असतंत तर मी दुसरीकडे नेली असती. म्हणूनच नाही सांगितलंत ना?”

“हो.”

“डॉक्टरला दाखवलंत?”

“नाही.”

“माणसं पण ना,” असं पुटपुटत त्यांनी ओळखीच्या डॉक्टरचा पत्ता दिला. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल कदाचित, कदाचित नाही. नाही आला.

नवी प्लेट बसली आणि नर्सबाईंची गाडी पुन्हा चढ चढू लागली. मिस्त्री आता गाडी चालवून बघतो ती काट्यांवर नजर ठेवून, आणि गिऱ्हाइकाला वास कसला येतो ते आधी विचारतो. दुपारची कामं उरकून बायको गॅरेजमध्ये येऊन बसते. तिला पार्टांची नावं येत नाहीत. “हा जळक्या कागदाचा,” ती सांगते, किंवा “इस्त्री कपड्यावर विसरल्यासारखा.” त्यावरून तो काय ते समजतो. लोक हसतात, म्हणतात मिस्त्रीने नाक बदलून आणलं. तोही हसतो.

एका संध्याकाळी शटर ओढताना त्याने विचारलं, “आत्ता बाहेर कसला वास येतोय?”

बायकोने जरा थांबून श्वास घेतला. “विशेष काही नाही. पलीकडे कुणीतरी भिंत रंगवलीय.”

तो त्या ओल्या भिंतीकडे बघत थोडा वेळ उभा राहिला, मग दोघं घराकडे निघाले.